धबधब्यासमोरचे भांडण

ताईने मला एकच काम दिले होते. दाजींना ऐकू येत नाही, की तिचे ऐकायचे नाही, एवढे मी बघून सांगायचे.

"तू बातम्या करतेस ना," ती म्हणाली, "मग एवढी एक खरी काढ."

हे बोलणे दिघीतल्या तिच्या गच्चीवर झाले. गच्चीच्या मागे लष्कराची जमीन आहे, कुंपणापलीकडे लांबपर्यंत नुसते गवत. ती दोरीवर कपडे घालत होती आणि चिमटे तोंडात धरून बोलत होती, त्यामुळे मला दोनदा विचारावे लागले. तिच्या लेकीने तिला बंगळूरला बोलावले होते. वर्षभर राहा, म्हणाली होती. ताईने अजून होकार दिला नव्हता. दोन वर्षे होत आली, दाजी तिच्याशी धड बोलत नव्हते. अबोला म्हणावा तर तसा अबोलाही नाही. ती विचारायची, "भाजी कसली करू?" आणि उत्तर यायचे, "जेवलोय मी." कधी तेही नाही, नुसती पाठ. हे मुद्दाम चालले असेल तर ती बंगळूरला जाणार होती, आणि परतीची तारीख ठरवणार नव्हती.

"भिंतीशी संसार करायला मी इथं कशाला राहू?" तिने शेवटचा चिमटा लावला.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात की एका बाजूवर बातमी करायची नाही. दुसरी बाजू दाजींची. ते चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये सत्तावीस वर्षे आहेत. तिथे साच्यात पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात, आणि दर ठोक्याला पायाखालची जमीन हलते. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. कानांचा विषय काढला की ते हसून उडवून लावत.

"माझं कान? अवो बाई, साहेब दोन लाइनी पलीकडं खोकला तरी मला कळतंय."

पावसाळा सरला की त्यांच्या शॉपमधली चार-पाच माणसे दरवर्षी एका घळीत धबधबे बघायला जात. त्या वर्षी कोणाची बदली झाली, कोणी गावी गेले, आणि दाजी एकटेच उरले. ताई म्हणाली, आम्हाला न्या. तिला त्यांनी तिथे कधीच नेले नव्हते.

"तिथं काय हाय? पाणी हाय नुसतं," ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

आम्ही गुरुवारी निघालो. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे त्या दिवशी डोंगरात गर्दी नसते. गाडी दाजी चालवत होते. ताई मागे बसली होती, मी पुढे. चाकणच्या चौकात कंपन्यांच्या बसेस नव्हत्या, कांद्याचे ट्रक तेवढे होते. चौकातून डावीकडचा ट्रक ओलांडताना त्यांनी इंडिकेटर दिला आणि तो तसाच चालू राहिला. टिक टिक टिक. खेड येईपर्यंत तो वाजत होता. मी काही बोलले नाही. मला किती वेळ चालतो ते बघायचे होते. शेवटी मागून ताई म्हणाली, "अहो, ते बंद करा की." दाजींनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मी बोटाने दाखवले, तेव्हा त्यांनी दांडी खाली केली आणि "ऱ्हायलं व्हय" म्हणाले.

ताईने आरशात माझ्याकडे पाहिले. तिच्या मते पारडे कुठे झुकले, ते कळत नव्हते. माझ्या मते एका इंडिकेटरवर निकाल देता येत नव्हता.

चासकमान धरणाच्या कडेने रस्ता जातो. पाण्यावर धुके आडवे पडले होते आणि पलीकडचा डोंगर पायाशिवाय उभा होता. तिथून पुढे फोनची रेंज गेली. नंतरच्या त्या चार तासांतले जे आठवते, ते या धुक्यातूनच आठवते. कशाआधी काय झाले ते मला नीट सांगता येते, पण सगळे जरा हळू झाले असे वाटते.

रस्ता संपतो तिथे दहा-बारा घरांची वस्ती आहे. एका मावशींच्या अंगणात गाडी लावायची, परत येऊन त्यांच्याकडे चहा प्यायचा, असा तिथला रिवाज. मावशींनी आमच्या पायांकडे पाहिले. दाजींनी कारखान्यातले सेफ्टी शूज घातले होते, पुढे लोखंडी टोपी असलेले.

"ह्येंचं बूट बरं हायती," मावशी म्हणाल्या. "तुमी दोघी शेवाळावर जपून. वर दोर-बिर काय न्हाई."

वाट तासाभराचीही नाही, पण चढ अंगावर येतो. ओढा डाव्या हाताला, उजवीकडे कातळ, आणि मधल्या दोन हातांत वाट. दाजी पुढे, मधे ताई, मागे मी. सुरुवातीला तेरडा आणि सोनकी होती, उन्हात. मग जांभळी आणि हिरड्याची झाडे जवळ आली आणि ऊन वरच राहिले. खाली हिरवट पाण्यासारखा उजेड होता. खोडांवर मऊ शेवाळ इतके दाट होते की हात ठेवला की हाताचा ठसा उमटायचा आणि सावकाश भरून यायचा. वाटेवर बोटाएवढे खेकडे आडवे चालत होते. एक पायरी, एक दगड, पुन्हा पायरी. दमल्यावर माणूस मोजायचे सोडून देतो, तसे झाले.

एका वळणावर शीळ ऐकू आली. एखादा माणूस विचारात असताना वाजवतो तशी, सूर धरता धरता सोडून देणारी. कस्तूर पक्षी. घळीत तो आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होता. ताई थांबली, मी थांबले. आम्ही दोघींनी मान वर केली. दाजी चालत राहिले. ते दहा पावले पुढे गेल्यावर मागे कोणी नाही हे त्यांच्या लक्षात आले.

"काय झालं? साप?"

"पक्षी बोलतोय," ताई म्हणाली. ती मान वर करूनच बोलली.

"दमलीस व्हय? मग बस की," दाजी म्हणाले.

ताई चालू लागली. पुढच्या चढावर तिने त्यांच्या पाठीला दोन प्रश्न विचारले. अजून किती आहे. पाण्याची बाटली कोणाकडे आहे. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला नाही. मग त्यांनी मागे वळून हात दिला, तेव्हा तिने तिसरा विचारला, "पुढं घसरडं आहे का?" आणि लगेच उत्तर आले, "हाय. माझ्या पावलावर पाऊल टाक." मी हे लक्षात ठेवले. तीनपैकी एक. फरक काय होता, ते त्या क्षणी माझ्या लक्षात आले नाही, आणि यायला हवे होते.

पाण्याचा आवाज आधी पायांना कळला. कातळाला हात लावला तर तो कंप हातात येत होता. मग वाट वळली, वारा गार झाला, आणि आवाज असा वाढत गेला की त्याचा आवाज राहिला नाही, हवाच जड झाली. तीन धबधबे आहेत तिथे, एकाखाली एक, आणि तिन्ही एकाच वेळी दिसतात अशी एकच जागा: मधल्या डोहाकाठचा सपाट कातळ. अजून तो वीस पावले लांब होता. तेवढ्यात दाजींचा उजवा हात खिशाकडे गेला. त्यांनी खिशातून नारिंगी रंगाचे दोन इअरप्लग काढले, दोरीत ओवलेले, बोटात दाबून बारीक केले, आणि एक एक करून दोन्ही कानांत बसवले. मान जरा वाकडी करून, रोजच्या सवयीने. पाय न थांबवता.

कारखान्यात प्रेस शॉपच्या दाराशी पिवळी रेघ असते. ती ओलांडायच्या आधी कानात प्लग पाहिजेत. सत्तावीस वर्षे तो आवाज आला की तो हात खिशात गेला आहे. त्यांनी केले ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण मी त्यांचा चेहरा पाहिला. तो पुढच्या पाण्याकडे लागलेला होता.

ताईने चेहरा पाहिला नाही. तिने प्लग पाहिले.

कातळावर पोहोचल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली. मी चार हातांवर होते. मला एक अक्षर ऐकू आले नाही. तिचे तोंड उघडत होते, मिटत होते, हात कानाकडे जात होता, मग पाण्याकडे. एवढ्या लांब पाणी ऐकायला आलो आणि कानात बोळे घालता, असे ती म्हणत असावी. ते पुढे खरे निघाले. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. इथे कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि समोरच्याने तर कान बुजवले आहेत, अशी खात्री झाल्यावर माणूस जे बोलेल, ते ती बोलू लागली होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्याखाली एक प्रकारचा निवांतपणा. पाण्याचे तुषार आडवे येत होते. केस कपाळाला चिकटले होते. ती बोलतच होती.

मग दाजी पुढे झुकले. तिच्या कानाशी तोंड नेले, तळहाताचा आडोसा केला, काही बोलले, आणि पुन्हा मागे सरून तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

ताई पुन्हा बोलली. ते पुन्हा झुकले, बोलले, मागे सरले.

असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. दोन माणसे, मागे पांढरे पाणी वरून खाली येत राहिलेले, आणि त्यातला एक जण पुढे वाकतो, मागे होतो, पुढे वाकतो. आवाज नाही. म्हणजे आवाज इतका, की आवाज नाही. भांडण आहे हे मला माहीत होते, तरी ते बघताना डोळे जड होत होते. मी कातळाला टेकून बसले. ऊन तिथपर्यंत आले होते आणि तुषारांत ते भुरभुरत होते.

त्या दोघांत काय झाले, ते मला ताईने उतरल्यावर सांगितले, आणि मग दाजींनी. दोन्ही हकिगती जुळल्या.

तिचे पहिले वाक्य होते, "तुम्हाला माझं ऐकायचंच नाही, तर तसं सांगा एकदा."

त्यांचे उत्तर होते, "मी कवा म्हणलो तसं?"

तिला वाटले, योगायोग. तिने गौरींचा दिवस काढला. मी पुरणाचे विचारत होते, तुम्ही टीव्ही बघत बसलात. ते म्हणाले, "टीव्हीबी मला मुकाच हाय. खालची पट्टी वाचत बसतो." तिने भाजीचे काढले, दवाखान्याच्या नंबराचे काढले, तिच्या भावजयीसमोर केलेल्या अपमानाचे काढले. ते एकेकाला उत्तर देत गेले. भावजयीच्या वेळचे काही ऐकलेच नव्हते, म्हणून हसून मान हलवली होती, असे म्हणाले. मग ती मधेच थांबली. घसा बंद केला आणि नुसते ओठ हलवून, आवाज न काढता, म्हणाली, "बैल."

"बैल कोणाला म्हणतीस?" दाजींनी तिच्या कानाशी विचारले.

तेव्हाच ती खाली बसली. मी ते पाहिले. एकदम, होती तिथेच. त्यांना वाटले घसरली, म्हणून त्यांनी धरले. मग त्यांचा हात स्वतःच्या कानाशी गेला, दोरी बोटाला लागली, आणि त्यांनी ते नारिंगी प्लग काढून हातात घेतले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

माझ्याकडे वळून त्यांनी हाताने काही खूण केली. मला कळली नाही. नंतर म्हणाले, त्यांच्या शॉपमध्ये त्याचा अर्थ "मशीन बंद, जरा थांबा" असा होतो. मिशीवरून बोट फिरवले तर साहेब येतोय. दोन लाइनी पलीकडचा साहेब खोकलेला त्यांना असा कळायचा.

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. उतरताना पाण्याचा आवाज मागे पडला, पुन्हा झाडे आली, आणि ताईने एका सपाट दगडावर त्यांना बसवले. ती समोर बसली.

"कधीपासून?"

"पोरगी गेली त्या सुमारास." ते बुटाला लागलेला चिखल काडीने काढत होते. ताईने हनुवटीला हात लावून त्यांचा चेहरा वर केला.

"मला का सांगितलं नाही?"

"मला वाटलं तूच बोलायची थांबलीस."

"मी?"

"पोरीला बंगळूरला नगं म्हणलो व्हतो मी. तू चिडलीवतीस. त्या टायमालाच तुझा आवाज गेला. ट्रक ऐकाय येतो, प्रेस ऐकाय येतो. तुझाच न्हाई. म्हणलं, रुसलीय. हिला काय विचारायचं?"

"दोन वर्षं रुसेन मी?"

"तुझा काय भरवसा?"

ताई हसली नाही. "मग कळलं कधी, की मी रुसले नाही, तुमचेच कान गेलेत?"

त्यांनी काडी मोडली. कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. काचेच्या केबिनमध्ये बसवतात, आवाज आला की बटण दाबायचे. तपासणाऱ्याचा खांदा हलला की ते बटण दाबत. यंदा त्याने डोळे मिटायला लावले. ते मिटून बसले आणि बटण दाबायची वेळच आली नाही. अहवाल अजून यायचा होता. आला की त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकणार.

"मग काय झालं? पॅकिंग बरं की. ठोके नाहीत, काही नाही," मी म्हणाले.

"काय सांगता बाई." त्यांनी माझ्याकडे बघितले, माझ्या तोंडाकडे. "प्रेसवर कुणालाच ऐकू येत न्हाई. आमी समदे सारखे. बोलायचं असलं तर मानूस समोर येतो, तोंड दावतो, हात हलवतो. पॅकिंगमधी माना खाली घालून बोलत्यात. तिथं गप्प असतंय ना समदं. शांततेत मला काय कळत न्हाई."

ताईने खाली पाहिले. घरी ती ओट्याकडे तोंड करून बोलते, दोरीकडे तोंड करून बोलते, दुसऱ्या खोलीतून बोलते. हे तिने मला सांगितले नाही. मी तिच्या घरी जाते, मला माहीत आहे. मीही तशीच बोलते.

"दाजी, मला एक सांगा," मी विचारले. "ऐकू येत नाही हे बायकोला सांगायला एवढं काय जड होतं?"

"तुमी लिवून आणनार का पेपरात?"

"नाही."

"मग सांगतो. बहिरा म्हणलं की मानूस मोठ्यानं बोलाय लागतो. समदी गल्ली ऐकते, मी सोडून." ते उठले. "चला, मावशी वाट बगत आसल."

मावशींनी चहा आणला. पातेल्यातून ओतताना त्या वाकून विचारत होत्या, पाणी किती होते, खालचा डोह भरला आहे का. दाजी बशीकडे बघत बसले होते. ताईने त्यांच्या कोपराला हात लावला, ते वळले, आणि तिने आवाज न काढता मावशींचा प्रश्न पुन्हा विचारला. थोडे जास्तच ओठ ताणून, नवख्या माणसासारखे. दाजी मावशींना म्हणाले, "भरलाय की. काठापत्तोर."

मावशी ताईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी साखर पुढे केली.

धरणाच्या कडेला रेंज आली तेव्हा ताईने गाडी बाजूला घ्यायला लावली. या वेळी ती पुढे बसली होती, मी मागे. पाण्यावरचे धुके निघून गेले होते आणि डोंगराला पाय आले होते. तिने लेकीला व्हिडिओ कॉल लावला. लेक कुठल्या तरी कॉफीच्या मशीनपाशी उभी होती. आधी तिचे कपाळ दिसले, मग छत.

"आई, ठरलं का तुझं? तिकीट काढू?"

"दोन काढ. पंधरा दिवसांसाठी. जायचं-यायचं."

"दोन? बाबा येतायत?"

"ते काय म्हणतात ते तेच सांगतील." ताईने फोन दाजींकडे धरला. त्यांनी मान मागे घेतली. तिने हात मागे घेतला नाही. "तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

मागून एक टेम्पो गेला, गाडी हलली. दाजींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरले होते, गाडी बंद असताना. मग त्यांनी फोन घेतला.

"पोरी," ते म्हणाले, फार मोठ्याने, "मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. तुझ्या आयचं काय चुकलेलं न्हाई."

पडद्यावर लेक हलली नाही. रेंज गेली, की ती गप्प झाली, हे थोडा वेळ कळले नाही. मग तिचा हात हलला, फोन जवळ आला, आणि ती भराभर काही बोलू लागली. आता नुसते डोळे दिसत होते.

"फोन खाली घे जरा," दाजी म्हणाले. "व्हट दिसंनात."

फोन खाली आला. ती पुन्हा पहिल्यापासून बोलली. दाजी वाकून बघत होते, काच भिजल्यासारखी अधूनमधून अंगठ्याने पुसत होते.

"व्हय," ते म्हणाले. "दावतो की डॉक्टरला. व्हय. कानाला मशीनबी लावतो. तू फकस्त सावकाश बोल."